ठरलेली मोटार मोडताना

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत झालेले भाषण)



 माझा विषय आहे नवी मोटार घेण्याचा, आणि घ्यायची ठरवून ती न घेण्याचा. आरोग्य, आहार, मुलांचे शिक्षण या विषयांच्या मानाने तो रुक्ष वाटेल. हा बायकांचा विषय नव्हे, असेही कोणाला वाटेल. परंतु बँकेच्या कर्जखात्यात अठ्ठावीस वर्षे काम करताना मी एक गोष्ट पाहिली. मोटार कोणती, कोणत्या रंगाची, केव्हा घ्यायची, हे घरात बहुधा पुरुषमंडळी किंवा मुले ठरवतात. पण कर्जाच्या कागदावर सहकर्जदार किंवा जामीन म्हणून सही असते ती घरातल्या बाईची. "इथे सही करा, इथे, आणि इथे," असे सांगितले जाते, आणि आपण मुकाट्याने सह्या करतो. भगिनींनो, ज्या कागदावर आपली सही आहे तो कागद आपला आहे. तो वाचणे हा आपला हक्क आहे, आणि मी तर म्हणेन की ते आपले कर्तव्यही आहे.

एक काळ असा होता, की मोटार घेणे म्हणजे वाट पाहणे. १९५० आणि १९६० च्या दशकांत फियाट, अँबॅसॅडर, स्टँडर्ड अशी बोटांवर मोजण्याइतकी नावे होती, आणि नाव नोंदवल्यावर गाडी हाती यायला वर्षानुवर्षे लागत. १९८३ साली मारुती आली तेव्हाही लोकांनी दहा दहा हजार रुपये भरून नावे नोंदवली होती. त्या वर्षी १४ डिसेंबरला पहिली गाडी ग्राहकाच्या हाती दिली गेली. अशा काळात नोंदवलेली गाडी "नको" म्हणणारा माणूस लोकांनी वेड्यात काढला असता. आज गोष्ट उलटी आहे. विकणारे पुष्कळ आहेत, कर्ज चटकन मिळते, आणि गुढीपाडवा, अक्षय्यतृतीया किंवा दसरा जवळ आला की शोरूममधून फोनवर फोन येतात. "मुहूर्ताला गाडी दारात हवी असेल तर आजच रक्कम भरा, उद्या ही सवलत राहणार नाही." मुहूर्ताचे नाव घेतले की आपले मन हळवे होते, आणि होकार निघून जातो.

होकार दिल्यावर संसारात काय काय घडते हे मी तुम्हांला सांगायला नको. कोणाची बदली होते, कोणाची नोकरी जाते, घरात दुखणे येते. कधी किंमतच बदलते. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान मोटारींवरचा वस्तू व सेवा कर २८ टक्के अधिक उपकर होता तो १८ टक्क्यांवर आला. त्याच्या आधी ज्यांनी गाडी नोंदवली होती पण घरी आणली नव्हती, त्यांना ठरलेली गाडी घ्यावी की थांबावे, असा प्रश्न पडला. तेव्हा गाडी मोडण्याची वेळ ही काही चंचल माणसांवरच येते असे नाही. ती कोणाही शहाण्या, सरळ माणसावर येऊ शकते.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. पुष्कळ जणींना वाटते की घेतलेली वस्तू सात दिवसांत किंवा पंधरा दिवसांत परत करण्याचा कायदाच आहे. फोनवरून मागवलेले कपडे परत जातात, ते त्या दुकानाने तशी सवलत दिलेली असते म्हणून. आयुर्विम्याची पॉलिसी हाती आल्यावर ३० दिवसांच्या आत परत करता येते, ते विमा नियामकाने तसा नियम केला आहे म्हणून. मोटारीला आपल्या देशात असा "विचार बदलण्याचा काळ" कोणत्याही कायद्याने दिलेला नाही. ज्यांची मुले अमेरिकेत आहेत त्यांनीही ऐकून ठेवावे. दारोदार येणाऱ्या विक्रेत्याकडून घेतलेल्या मालासाठी तिथे तीन कामकाजाच्या दिवसांचा जो नियम आहे, तो शोरूममध्ये जाऊन घेतलेल्या मोटारीला लागू होत नाही. ब्रिटनमध्ये दुकानात न जाता, फोनवरून वा संगणकावरून केलेल्या खरेदीला १४ दिवस मिळतात. दुकानात उभे राहून सही केली तर ते मिळत नाहीत. तात्पर्य, "मागाहून बघू" हा विचार मोटारीच्या बाबतीत कामाचा नाही.

मग आपल्याकडे आपला बचाव कशात आहे? आपण कोणत्या पायरीवर उभ्या आहोत हे ओळखण्यात आहे. मी याला लग्नाच्या बोलणीची उपमा देते. आधी मुलगी बघणे, मग साखरपुडा, मग लग्नाची तयारी, आणि शेवटी लग्न. प्रत्येक पायरीवर "नाही" म्हणता येते. पण पहिल्या पायरीवरचे "नाही" फुकट असते, आणि पुढे पुढे ते महाग होत जाते.

पहिली पायरी बघण्याची. शोरूममध्ये जाणे, गाडी चालवून पाहणे, लेखी किंमतपत्रक म्हणजे कोटेशन मागून आणणे, यांत आपण कशालाही बांधल्या जात नाही. या पायरीवर संकोच ठेवू नये. त्यांनी चहा पाजला, थंड पेय दिले, तासभर बोलले, म्हणून आपण त्यांचे काही देणे लागत नाही. कोटेशन मात्र लेखीच घ्यावे, आणि त्यात गाडीची किंमत, कर, विमा, पासिंगचा खर्च आणि जादा सामान यांच्या रकमा वेगवेगळ्या लिहून मागाव्यात. "मॅट फुकट देऊ, जुन्या गाडीचे वीस हजार जास्त देऊ" असे जे तोंडी सांगतात, ते त्याच कागदावर लिहून द्यायला सांगावे. लिहायला का कू केली तर त्या शब्दाची किंमत आपल्याला तिथेच कळते.

दुसरी पायरी नोंदणीची, म्हणजे बुकिंगची. येथे पैसे हातचे जातात आणि सही होते. म्हणून इथले दोन शब्द नीट समजून घेऊ या.

पहिली गोष्ट, करार केव्हा पुरा होतो? आपला भारतीय करार कायदा १८७२ सालचा आहे आणि आजही तोच चालू आहे. एकाने प्रस्ताव करायचा आणि दुसऱ्याने तो स्वीकारायचा, तेव्हा करार होतो. बुकिंगचा छापील अर्ज आपण भरून देतो तो पुष्कळदा आपला प्रस्ताव असतो, आणि "विक्रेत्याने मान्य केल्यावरच नोंदणी पक्की होईल" असे त्यात बारीक अक्षरांत लिहिलेले असते. तसे असेल तर, त्यांनी मान्यता कळवण्यापूर्वी आपला प्रस्ताव मागे घेण्याची मुभा त्या कायद्याच्या कलम ५ मध्ये आहे. म्हणून घरी येऊन मन बदलले, तर चार दिवस चुळबुळ करीत बसू नये. त्याच दिवशी लेखी कळवावे.

दुसरी गोष्ट, आपण भरलेले पैसे कोणत्या नावाने भरले? आपल्या जुन्या व्यवहारात विसार हा शब्द आहे. कोणी इसार म्हणते, कोणी बयाणा. विसार म्हणजे व्यवहार पुरा करीन याची खूण म्हणून ठेवलेली रक्कम. उचल किंवा ॲडव्हान्स म्हणजे किमतीपैकी आधी दिलेला भाग. आपण दोन्ही शब्द एकच समजून वापरतो, पण न्यायालय तसे समजत नाही. घेणाऱ्याने व्यवहार मोडला तर खरा विसार बुडू शकतो. किमतीपोटी आधी दिलेली रक्कम नुसता व्यवहार मोडला म्हणून गिळता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ सालीही हा फरक पुन्हा स्पष्ट केला आहे. म्हणून पावतीवर काय लिहिले आहे ते पाहावे. "नोंदणी रक्कम, गाडीच्या किमतीत वळती होणार" असे आहे, की "विसार, परत मिळणार नाही" असे आहे, ते वाचूनच पैसे द्यावेत.

आणि "परत मिळणार नाही" असे छापले की विषय संपला, असेही नाही. करार कायद्याचे कलम ७४ असे सांगते, की करार मोडल्याबद्दल जी रक्कम लिहून ठेवली असेल ती फार तर वरची मर्यादा. प्रत्यक्षात मिळायची ती वाजवी भरपाई. १९६३ साली दिल्लीच्या एका घराचा खटला सर्वोच्च न्यायालयापुढे आला. घराची किंमत १,१२,५०० रुपये ठरली होती. घेणाऱ्याने १,००० रुपये विसार आणि मग २४,००० रुपये दिले होते, आणि विकणाऱ्याने सगळे २५,००० जप्त करायचे म्हटले. न्यायालयाने हजाराचा विसार जप्त होऊ दिला, पण २४,००० ला विसार मानले नाही. १९६९ साली दुसरा खटला झाला, तो तर आपल्या स्वयंपाकघराच्या जवळचा आहे. लष्कराला बटाटे, कोंबड्या, अंडी पुरवण्याचा ठेका एका माणसाने घेतला होता. पुरवठा नीट झाला नाही, तेव्हा सरकारने त्याची १८,५०० रुपयांची अनामत जप्त केली. सर्वोच्च न्यायालयाने विचारले, की तुमचे नुकसान किती झाले ते दाखवा. बाजारात बटाटे आणि कोंबड्या कोणत्या भावाने घ्याव्या लागल्या, हे दाखवता येण्यासारखे होते. ते दाखवले नाही, म्हणून अनामत ठेवून घेता आली नाही.

आता हेच मोटारीला लावून पाहा. तुम्ही नोंदवलेल्या गाडीला आधीच ग्राहकांची रांग असेल, तर तुम्ही "नको" म्हटल्यावर ती गाडी दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच्या दारात जाते. विक्रेत्याचे नुकसान किती? कागदपत्रांचा थोडा खर्च. याउलट तुमच्यासाठी म्हणून खास रंगाची, खास बनावटीची गाडी त्याने मागवली असेल आणि ती कोणी घेत नसेल, तर त्याचे नुकसान खरे आहे, आणि ते भरून देणे न्यायाचे आहे. नुकसान कमी करण्याचा जो उपाय हाताशी असेल तो विक्रेत्याने योजला पाहिजे, हेही कलम ७३ मध्ये अभिप्रेत आहे. गाडी विकण्याचा प्रयत्न न करता गप्प बसून भरपाई मागणे चालत नाही.

येथे मी आमच्या इमारतीतल्या एका ताईंची हकीकत सांगते. त्यांची परवानगी घेतली आहे. त्यांचे नाव आणि त्या शोरूमचे नावही मी सांगणार नाही. ताई शाळेतून निवृत्त झालेल्या. मुलाच्या हौसेखातर दसऱ्याची गाडी ठरली, आणि ताईंच्या खात्यातून पंचवीस हजार रुपये भरले गेले. तीन आठवड्यांनी यजमानांना अर्धांगाचा झटका आला. दवाखाना, औषधे, दिवसाची बाई, सगळा हिशोबच पालटला. मुलगा शोरूममध्ये गेला, तर "बुकिंगचे पैसे परत मिळत नसतात" एवढे एकच उत्तर. ताई माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "जाऊ द्या हो वहिनी. शब्द आपण मोडला. आता कोणत्या तोंडाने पैसे मागायचे?"

भगिनींनो, या वाक्यासाठी मी आज येथे उभी आहे. आपल्या आईआजींनी आपल्याला शब्द पाळायला शिकवले, ते योग्यच केले. पण शब्द मोडावा लागला तर त्याचे प्रायश्चित्त किती, हे समोरच्याच्या लहरीवर ठरत नाही. माझ्यामुळे तुमचे जेवढे नुकसान झाले तेवढे मी देईन, असे म्हणणे हा सचोटीचा व्यवहार. त्याहून जास्त सोडून देणे यात सचोटी नाही. ती भीड आहे. आणि भीड ही भिकेची बहीण, असे आपल्या जुन्या माणसांनीच सांगून ठेवले आहे.

ताईंचा अर्ज आम्ही दिव्याखाली धरून वाचला. त्यात "रद्द केल्यास प्रशासकीय खर्च वजा करून" रक्कम परत देण्याचे कलम होते. ते मुलानेही वाचले नव्हते, आणि काउंटरवरच्या पोराने तर नाहीच नाही. ताईंनी स्वतःच्या हाताने पत्र लिहिले. पहिल्याला उत्तर आले नाही. दुसऱ्या पत्रात त्यांनी ते कलम उतरवून दिले आणि खर्चाचा तपशील मागितला. शिवाय ग्राहक मदतवाणीवर तक्रार नोंदवली. महिन्याभरात तेवीस हजार रुपये खात्यात जमा झाले. दोन हजार कापले, त्याबद्दल ताईंची तक्रार नाही. ते तेवीस हजार यजमानांच्या व्यायामोपचाराच्या कामी आले.

आता तिसरी पायरी. येथे तुमच्या नावाने एक विशिष्ट गाडी, तिच्या चेसिस नंबरासह, ठरवली जाते; बिल तयार होते; बँक कर्जाची रक्कम बहुधा थेट विक्रेत्याकडे पाठवते. लग्नाची पत्रिका छापून झाल्यासारखी ही स्थिती आहे. मोडता येते, पण खर्च दोन्हीकडे होतो. आणि येथे एक मोठा धोका आहे तो सांगते. गाडीचा करार वेगळा आणि कर्जाचा करार वेगळा. गाडी रद्द केली म्हणजे कर्ज आपोआप रद्द होत नाही. बँकेने पैसे दिले त्या दिवसापासून व्याज चालू होते, आणि गाडी दारात नसतानाही हप्ता कापला जातो. म्हणून शोरूमला पत्र देताना त्याच दिवशी बँकेलाही पत्र द्यावे, आणि पैसे विक्रेत्याकडून बँकेत परत आल्याचा व खाते बंद झाल्याचा दाखला मागावा.

कर्जाच्या बाबतीत एक चांगला नियम झाला आहे. ऑक्टोबर २०२४ पासून बँकांनी अशा कर्जाच्या आधी ग्राहकाला मुख्य गोष्टींचे एक पत्रक द्यायचे असते. त्यात वर्षाचा खरा दर, सगळे आकार, आणि मुदतीपूर्वी कर्ज फेडल्यास काय पडेल, हे लिहिलेले असते. आणि त्या अटी मान्य करायला निदान तीन कामकाजाचे दिवस द्यावे लागतात. ते तीन दिवस आपले हक्काचे आहेत. पत्रक घरी आणावे, चष्मा लावून वाचावे, न समजलेल्या ओळीखाली रेघ मारावी आणि बँकेत जाऊन विचारावे. जामीन राहणाऱ्या भगिनींनी तर विशेष लक्ष द्यावे. जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराच्या बरोबरीची असते, असे करार कायद्याचे कलम १२८ सांगते. "नुसती सही पाहिजे" असे कोणी म्हणाले, तर नुसती सही अशी काही वस्तू नसते, हे ध्यानात ठेवावे.

चौथी पायरी पासिंगची आणि ताब्याची. गाडी आर. टी. ओ. त तुमच्या नावावर चढली, की तुम्ही तिच्या पहिल्या मालकीण झालात. ती नोंद काही पुसली जात नाही. उद्या विक्रेत्याने गाडी परत घ्यायची म्हटली तरी ती जुनी गाडी म्हणूनच घेईल. पासिंगचा क्रमांक मिळाल्यावर केवळ मन बदलले म्हणून परतीची वाट नाही. मग गाडी विकणे एवढाच मार्ग, आणि त्यात तोटा ठरलेला.

म्हणून गाडी नीट पाहायची ती पासिंगच्या आधी आणि शेवटची रक्कम भरण्याच्या आधी. आपण उलट करतो. हार, नारळ, पेढे घेऊन जातो, फोटो काढतो, आणि ओरखडा दिसतो तो घरी आल्यावर. १९३० च्या माल विक्री कायद्यात घेणाराला माल तपासून पाहण्याचा हक्क दिला आहे. तो दिवसाउजेडी वापरावा. चेसिस नंबर कागदाशी जुळतो का, गाडी किती किलोमीटर चाललेली आहे, रंग एकसारखा आहे का, आणि मुख्य म्हणजे ती कोणत्या महिन्यात व वर्षी तयार झाली, हे पाहावे. विक्रीच्या दाखल्यावर उत्पादनाचा महिना आणि वर्ष लिहिलेले असते. गेल्या वर्षीची गाडी यंदाची म्हणून दिली, किंवा ठरलेल्या प्रकाराऐवजी दुसरीच दिली, तर वर्णनाप्रमाणे माल नाही म्हणून ती नाकारण्याचा तुमचा हक्क आहे. पण तक्रार न करता गाडी वापरत राहिलात, तर तुम्ही ती स्वीकारली असे धरले जाते, आणि मग नाकारण्याचा हक्क जाऊन नुकसानभरपाई मागण्यापुरता हक्क उरतो.

आतापर्यंत आपण व्यवहार मोडला तर काय, हे पाहिले. कधी कधी मोडतो तो विक्रेता. तारीख देऊन गाडी देत नाही, किंमत वाढवून सांगतो, पांढरी ठरलेली असता करडी घ्या म्हणतो. अशा वेळी आपण करार मोडत नाही, तो त्याने मोडलेला असतो, आणि पुरी रक्कम परत मागण्यात संकोचाचे काही कारण नाही. मात्र अर्जात "तारीख अंदाजे" किंवा "गाडी देण्याच्या दिवशीची किंमत लागू" असे छापलेले असेल, तर आपली बाजू कमजोर होते. तारीख महत्त्वाची असेल, तर "अमुक तारखेपर्यंत न मिळाल्यास पूर्ण रक्कम परत" हे वाक्य अर्जावर हाताने लिहून त्यांची सही आणि शिक्का घ्यावा. तसे लिहिलेले नसेल आणि दिवस लोटत असतील, तर पत्राने शेवटची मुदत द्यावी.

आता पत्र कसे लिहायचे ते सांगते, म्हणजे कोणाला वकिलाकडे धावायला नको. वर तारीख. मग नोंदणीचा क्रमांक, गाडीचा प्रकार, भरलेली रक्कम व पावतीचा क्रमांक. पुढे एक ओळ: "या पत्राने मी वरील नोंदणी रद्द करीत आहे." कारण एका ओळीत द्यावे, कहाणी लिहू नये. मग, पंधरा दिवसांत रक्कम अमुक खात्यात जमा करावी. काही कापायचे असल्यास अर्जातील कोणत्या कलमानुसार आणि प्रत्यक्ष कोणत्या खर्चापोटी, ते लेखी कळवावे. खाली सही. पत्र हातोहात दिले तर प्रतीवर पोच घ्यावी. नाही तर स्पीड पोस्टाने पाठवावे आणि तेच ई-मेलनेही धाडावे. तोंडी बोललेले सगळे वाऱ्यावर जाते. फोनवर कोणी "होऊन जाईल, काकू" म्हटले, तर "बरे, एवढेच लिहून पाठवा" म्हणावे.

एवढ्याने काम झाले नाही, तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक मदतवाणीचा क्रमांक आहे. तेथे मराठीत बोलता येते. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग. ग्राहक संरक्षणाचा पहिला कायदा १९८६ साली झाला. त्याच्या जागी २०१९ चा नवा कायदा आला आणि तो जुलै २०२० पासून अमलात आहे. या नव्या कायद्यात आपल्या सोयीच्या पुष्कळ गोष्टी आहेत. आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. विक्रेत्याच्या गावी जावे लागत नाही. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. वकील लावलाच पाहिजे असे नाही. ई-जागृती या सरकारी व्यवस्थेतून घरबसल्याही तक्रार नोंदवता येते. मुदत मात्र दोन वर्षांची आहे, ती चुकवू नये. शिवाय करार मोडल्यास प्रत्यक्ष नुकसानीच्या मानाने अवाच्या सव्वा दंड लावणारी अट या कायद्याने अन्यायकारक करारात धरली आहे. परतीचे पैसे अडकले तर जिल्हा आयोगाकडे जावे. करारच अन्यायकारक आहे असे ठरवून घ्यायचे असेल तर त्याची तक्रार राज्य आयोगापुढे न्यावी लागते.

एकटीने जायला धीर होत नसेल, तर आपल्या महाराष्ट्रात ग्राहक चळवळ जुनी आहे. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ साली स्थापन झाली, आणि घरोघरच्या बायकांनी गट करून धान्य-किराणा एकत्र घेण्यातून तिचे काम वाढले. ज्या बायका डाळीचा कस आणि तेलाचे माप पारखू शकतात, त्यांना कराराचा कागद पारखता येणार नाही, हे मला पटत नाही. पारख तीच आहे. माल तेवढा मोठा.

कोणी म्हणेल, की ही बाई आम्हांला गाडी मोडायलाच शिकवते आहे. तसे नाही. गाडी जरूर घ्या. म्हाताऱ्या सासूबाईंना दवाखान्यात नेण्यासाठी घ्या, मुलांना घेऊन कोकणात जाण्यासाठी घ्या, स्वतः चालवायला शिका. विकणाराही प्रपंची माणूस आहे. त्याला उगाच हेलपाटे घालायला लावणे, दोन दोन शोरूममध्ये गाड्या नोंदवून एकाला ऐनवेळी टांग देणे, हेही आपल्याला शोभत नाही. माझे म्हणणे इतकेच, की होकार द्यायला जेवढा उत्साह लागतो तेवढाच शांतपणा सही करायला लागतो. मुहूर्त पुढच्या वर्षीही येतो. सही एकदा झाली की ती आपल्या नावाने बोलत राहते.

माझी मंडळाला एक विनंती आहे. वर सांगितलेल्या पत्राचा नमुना, आणि बुकिंगच्या अर्जात कोणत्या गोष्टी पाहायच्या याची यादी, मी एका पानावर लिहून चिटणीसबाईंकडे दिली आहे. ती आपल्या वाचनालयात लावावी, आणि येत्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाणाबरोबर प्रत्येकीच्या हाती एक प्रत द्यावी. ज्या भगिनीला कागद वाचायला अडचण वाटते तिने दर शनिवारी दुपारी वाचनालयात यावे. मी तेथे असते. दोघी मिळून वाचू.